पगार युरोत, मुक्काम नाशकात

वाचकांचे प्रश्न : पैसा आणि व्यवहार

परदेशी पैशांविषयी या सदराकडे येणारी पत्रे पूर्वी बहुतेक आखाती देशांत नोकरीला गेलेल्यांच्या घरून येत असत. आता गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांतून येणाऱ्या पत्रांत घरी बसून जर्मन किंवा अमेरिकी कंपनीचे काम करणाऱ्या तरुणांचे प्रमाण मोठे आहे, आणि लॅपटॉप घेऊन वर्षभरासाठी दुसऱ्या देशात राहायला निघालेलेही त्यांत आहेत. त्यांपैकी बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : कोणते खाते किंवा कोणते ॲप स्वस्त पडेल? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पैसे मिळाले त्या दिवशी आपण कायद्याच्या दृष्टीने कोठले रहिवासी होतो आणि ते कशाबद्दल मिळाले याचा कागद आपल्याकडे आहे का, हे आधी ठरते आणि खाते त्यावरून ठरते. या वेळची चार-पाच पत्रे त्या दृष्टीने निवडली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी वेब डेव्हलपर असून इंदिरानगरमधील घरूनच बर्लिनच्या एका कंपनीचे काम कंत्राटी पद्धतीने करते. दरमहा २,००० युरोचे बीजक पाठवते. परंतु खात्यात जमा होणारी रक्कम त्या दिवशीच्या दराने हिशेब केला तर नेहमीच चार-पाच हजारांनी कमी भरते. बँकेत विचारले तर ‘मध्यस्थ बँकेने कापले’ एवढेच उत्तर मिळते. कंपनी म्हणते की युरोपात खाते उघडा, आम्ही तेथेच भरतो. मी तसे करू का? आणि युरो तेथेच साठवून ठेवले तर चालतील का? — एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : आधी पैसे कोठे गळतात ते पाहू, कारण ‘मध्यस्थ बँकेने कापले’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. हिशेबाच्या सोयीसाठी समजा की बाजारात एका युरोला १०० रुपये दर चालू आहे, म्हणजे आपल्या मनातील आकडा २,००,००० रुपये आहे. बर्लिनच्या बँकेने स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून पैसे पाठवले, वाटेतील बँकेने २० युरो काढून घेतले आणि आपल्या बँकेच्या हाती १,९८० युरो पडले. आपली बँक ते बाजारभावाने घेत नाही, स्वतःच्या खरेदी दराने घेते, तो ९८.४० असेल तर खात्यात १,९४,८३२ रुपये येतात. याशिवाय चलन बदलून देण्याच्या सेवेवर जीएसटी लागतो. त्यासाठी एक लाख ते दहा लाखांच्या रकमेवर सेवेचे मूल्य एक हजार रुपये अधिक लाखावरील रकमेच्या अर्धा टक्का असे धरतात आणि त्यावर १८ टक्के आकारतात. आपल्या उदाहरणात हा कर सुमारे २६५ रुपये होतो. म्हणजे एकूण तूट साधारण ५,४३० रुपये झाली आणि तिच्यातील मोठा वाटा, ३,१६८ रुपयांचा, बँकेच्या दराचा आहे. मध्यस्थ बँकेवर खापर फोडले जाते, पण गळती जास्त घराजवळच होते.

म्हणून पुढच्या वेळी बँकेकडून आवक रकमेची सूचना, जिला फिरा म्हणतात, ती मागून घ्या आणि तिच्यावर तीन आकडे शोधा : पाठवलेली मूळ रक्कम, बँकेला प्रत्यक्ष मिळालेली रक्कम आणि लावलेला दर. पहिल्या दोहोंत फरक असेल तर कंपनीला सांगा की पाठवण्याचा खर्च ‘अवर’ या पर्यायाखाली, म्हणजे पाठवणाऱ्याने सोसावा. ‘शेअर’ पर्यायात वाटेतला खर्च आपल्या रकमेतून जातो. दरातील फरकाबद्दल शाखेच्या काउंटरवर बोलून फारसा उपयोग होत नाही. शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज देऊन, दरमहा नियमित आवक आहे हे दाखवून, विशेष दर मागावा लागतो आणि अनेकदा तो मिळतोही. वाइज किंवा पेओनिअरसारख्या सेवा वापरून खर्च कमी होत असेल तर जरूर वापरा. फक्त त्यांच्याकडून प्रत्येक रकमेचा आवक पुरावा मिळतो याची खात्री आधी करून घ्या.

तो पुरावा का हवा, हे नाशिककरांना वेगळे समजावण्याची गरज पडू नये. पिंपळगावहून द्राक्षांचा कंटेनर युरोपला पाठवणारा निर्यातदार बँकेचा कागद बीजकाला टाचून ठेवतो. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, याच्या नजरेत आपणही त्याच रांगेतील निर्यातदार आहात, माल तेवढा सेवेचा आहे. त्यामुळे पैसे आल्यावर बँक जो पर्पज कोड विचारते तो घाईत ‘कुटुंबाचा उदरनिर्वाह’ असा निवडू नका. सॉफ्टवेअर सल्ला व तत्सम सेवेसाठी पी०८०२ हा कोड आहे. चुकीचा कोड पडला तर जीएसटीत ही रक्कम निर्यातीची आहे हे सिद्ध करताना त्रास होतो, आणि आपल्याला ते सिद्ध करावे लागणारच आहे : वर्षाला २४,००० युरो म्हणजे वरच्या दराने २४ लाख रुपये होतात आणि सेवा देणाऱ्यास २० लाखांच्या उलाढालीनंतर जीएसटी नोंदणी आवश्यक असते. नोंदणीने घाबरू नका. सेवेची निर्यात शून्य दराची असते. दर आर्थिक वर्षासाठी एलयूटी हे हमीपत्र पोर्टलवर भरले की कर न भरता बीजक काढता येते आणि इंटरनेटसारख्या सेवांवर दिलेल्या कराचा परतावाही मागता येतो. अट अशी, की मोबदला परकीय चलनात आला पाहिजे आणि त्याचा कागद हवा.

आता मूळ प्रश्न. आपण नाशकात राहता, काम नाशकातून करता. म्हणून आपण भारताच्या निवासी आहात आणि निर्यातीची कमाई विहित मुदतीत भारतात आणणे आपल्यावर बंधनकारक आहे. युरोपात खाते उघडून तेथे युरो साठवत जाणे या नियमात बसत नाही. दर चांगला मिळेपर्यंत थोडे थांबायचे असेल तर त्यासाठी भारतातच सोय आहे : ईईएफसी खाते. त्यात परकीय चलनातील पूर्ण कमाई युरोतच जमा करता येते. व्याज मिळत नाही, आणि एका महिन्यात जमा झालेली रक्कम, मान्य खर्च वजा जाता, पुढील महिन्याच्या अखेरपर्यंत रुपयांत बदलावी लागते. दोन-तीन महिन्यांच्या रकमा एकत्र करून भाव पाहण्याइतकी मुभा मात्र त्यात नाही, हे लक्षात ठेवा. परदेशातील सॉफ्टवेअर वर्गणी युरोत भरायची असेल तर हे खाते फार उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट विचारली नाहीत, पण सांगतो. आपल्यासारख्या व्यवसायाला ७५ लाखांपर्यंतच्या प्राप्तीवर, रोख प्राप्ती पाच टक्क्यांहून अधिक नसल्यास, निम्मी रक्कम नफा धरून कर भरण्याची सवलत आहे; जुन्या आयकर कायद्यात ती ४४एडीए या कलमाखाली होती. त्यात हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत आणि आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. बहुतेक जण मग सुगम या नावाने ओळखले जाणारे आयटीआर-४ भरून मोकळे होतात. परंतु आपल्या नावावर परदेशात एखादे खाते असेल, मग त्यात चार युरो का असेनात, तर आयटीआर-४ चालत नाही. आयटीआर-३ भरून त्यातील परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात ते खाते दाखवावे लागते, तेही ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाच्या हिशेबाने. न दाखवल्यास काळा पैसा कायदा, २०१५ खाली दहा लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर वगळता एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली. परंतु दंड माफ झाला याचा अर्थ माहिती देण्याचे कर्तव्य माफ झाले असा नाही. हौसेने उघडून विसरलेली परदेशी खाती आधी बंद करावीत, हे बरे.

प्रश्न : मी एका अमेरिकी कंपनीसाठी सल्लागार म्हणून काम करतो. येत्या ५ ऑक्टोबरला पोर्तुगालच्या डिजिटल नोमॅड व्हिसावर एक-दोन वर्षांसाठी लिस्बनला जायचा बेत आहे. कॉलेज रोडच्या बँकेतील बचत खाते, तेथूनच कटणारे एसआयपी, पीपीएफ आणि क्रेडिट कार्ड हे सर्व असेच चालू ठेवले तर काय बिघडते? पगार सध्या याच खात्यात येतो. तो तसाच येऊ द्यावा का? — एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : बरेच बिघडते, आणि सर्वांत आधी तारीख बिघडते. आयकरासाठी एखादी व्यक्ती निवासी आहे का हे दिवस मोजून ठरते. नोकरी-व्यवसायासाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकास त्या वर्षी १८२ दिवसांची मर्यादा लागू होते. १ एप्रिलपासून मोजले तर ५ ऑक्टोबरपर्यंत आपले १८८ दिवस भरतात, म्हणजे या संपूर्ण वर्षासाठी आपण निवासी ठरता आणि लिस्बनमध्ये मार्चपर्यंत कमावलेले उत्पन्नही भारतातील विवरणपत्रात येते. तेच २८ सप्टेंबरला विमानात बसलात तर १८१ दिवस होतात आणि चित्र उलटते. सात दिवसांत एवढा फरक पडतो. परंतु म्हणून लगेच तिकीट बदलू नका. पोर्तुगालमध्ये कोणत्याही बारा महिन्यांत १८३ दिवसांहून अधिक राहणारा तेथला कर-निवासी होतो आणि तेथे कराचा सर्वांत वरचा टप्पा ४८ टक्के आहे. भारताचे रहिवासीपण टाळून तेथे अधिक कर भरण्याची वेळ आली तर हुशारी कोणाची? दोन्ही देशांचा हिशेब मांडूनच दिवस ठरवा. दोन्हीकडे निवासी ठरलात तर भारत-पोर्तुगाल दुहेरी कर टाळणी करार आहे. कायमचे घर कोठे, जिव्हाळ्याचे संबंध कोठे, नेहमीचा वावर कोठे, या क्रमाने तो एक देश ठरवतो आणि एकीकडे भरलेल्या कराची वजावट दुसरीकडे मिळते. पोर्तुगालचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि आपले एप्रिल ते मार्च असल्याने कागद मात्र दोन्ही वर्षांचे जपावे लागतात. (१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला आहे, कलमांचे क्रमांक बदलले, तरी १८२ दिवसांची ही मोजणी कायम आहे.)

येथे अनेकांची गफलत होते ती अशी, की बँक आयकराचे दिवस मोजत नाही. बँकेला फेमा लागू होतो आणि फेमानुसार नोकरी-व्यवसायासाठी अथवा अनिश्चित काळासाठी राहण्याच्या इराद्याने देश सोडणारा माणूस जाण्याच्या दिवसापासूनच अनिवासी होतो. त्यामुळे ५ ऑक्टोबरनंतर काही महिने आपण आयकर खात्याच्या दृष्टीने निवासी आणि बँकेच्या दृष्टीने अनिवासी, असे दोन्ही असाल. हे विचित्र वाटले तरी कायदेशीर आहे. बचत खाते तसेच ठेवता येणार नाही; बँकेला कळवून ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागेल. भारतातील उत्पन्न, म्हणजे भाडे, लाभांश, जुन्या ठेवींचे व्याज, या खात्यात येईल आणि व्याजावर ३० टक्के व त्यावरील उपकर उगमस्थानी कापला जाईल. परदेशातील कमाई भारतात आणायची तर तिच्यासाठी एनआरई हे स्वतंत्र खाते उघडा. त्यातील मुद्दल आणि व्याज हवे तेव्हा परत परदेशी नेता येते आणि व्याज करमुक्त असते. ही करमुक्ती फेमानुसारच्या अनिवासीपणाशी जोडलेली आहे. एनआरओमधून मात्र एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर नेता येते आणि त्यासाठी कर भरल्याची कागदपत्रे लागतात.

अमेरिकी कंपनीचा मोबदला कोठे घ्यावा, हा आपल्या पत्रातील खरा कळीचा प्रश्न आहे. आयकराच्या दृष्टीने अनिवासी झाल्यानंतरही एखादे उत्पन्न प्रथम भारतात स्वीकारले गेले तर ते भारतात करपात्र ठरते, काम कोठेही केलेले असो. म्हणून त्या टप्प्यानंतर पैसे आधी पोर्तुगालमधील खात्यात घ्यावेत आणि मग त्यांतील हवा तेवढा भाग एनआरईत पाठवावा. उलट क्रम केला, तर केवळ सवयीपोटी कराचा विषय उभा राहतो. अमेरिकी कंपनीला आपण अमेरिकेबाहेरचे करदाते असल्याचे सांगणारा डब्ल्यू-८बेन अर्ज भरून दिलेला असेल. त्यात निवासाचा देश भारत आहे. तो बदलल्यावर तीस दिवसांच्या आत नवा अर्ज द्यावा लागतो. ही गोष्ट जवळपास सर्वच जण विसरतात.

लिस्बनमध्ये खाते उघडण्यासाठी आधी एनआयएफ हा तेथील करक्रमांक लागतो. व्हिसासाठी दरमहा उत्पन्न तेथील किमान वेतनाच्या चौपट असल्याचे दाखवावे लागते; २०२५ मध्ये किमान वेतन ८७० युरो असल्याने ती रक्कम ३,४८० युरो होती आणि किमान वेतनाबरोबर ती वाढते. त्यासाठी जाण्यापूर्वीच्या महिन्यांचे नाशिकच्या बँकेचे उतारे लागतात, म्हणून शाखेकडून शिक्का-सही असलेले इंग्रजी उतारे आधीच घेऊन ठेवा. तेथे पारंपरिक बँक घ्यावी की केवळ मोबाइलवर चालणारी, याविषयी माझे मत असे की नावाआधी परवाना पाहावा. युरोपीय संघातील बँकेत प्रत्येक ठेवीदाराची एक लाख युरोपर्यंतची ठेव हमीखाली असते. ई-मनी परवान्यावर चालणाऱ्या सेवांना ही हमी नसते, त्यांनी ग्राहकांचे पैसे वेगळे ठेवलेले असतात एवढेच. रोजच्या खर्चापुरते तेथे ठेवावे, वर्षाची शिल्लक ठेवू नये. आपला आयबॅन, म्हणजे युरोपातील खाते क्रमांक, पोर्तुगालचा नसून लिथुआनियाचा किंवा जर्मनीचा आहे म्हणून घरमालकाने अथवा वीज कंपनीने तो नाकारला, तर तसे नाकारणे युरोपीय नियमांच्या विरुद्ध आहे हे त्यांना नम्रपणे पण ठामपणे सांगता येते.

आता बारीकसारीक, पण रडवणाऱ्या गोष्टी. भारतीय सिमकार्डावर ओटीपी येणे बंद झाले की येथील खाते असून नसल्यासारखे होते. रोमिंगवर संदेश येतात का ते निघण्यापूर्वी बँकेला आणि मोबाइल कंपनीला विचारून घ्या आणि रिचार्जची तारीख घरच्या कोणाकडे तरी सोपवून जा. नव्वद दिवस क्रमांक वापरात नसेल तर तो बंद होऊ शकतो. परदेशी क्रमांकावर यूपीआय चालवण्याची सोय अनिवासींना मिळाली, तेव्हा २०२३ च्या सुरुवातीस जाहीर झालेल्या दहा देशांच्या यादीत पोर्तुगाल नव्हते, म्हणून तिच्या भरवशावर जाऊ नका. कार्डावरील परदेशी व्यवहार २०२० पासून ग्राहकाने स्वतः सुरू करावे लागतात. ते ॲपमधून विमानतळावर नव्हे, घरीच सुरू करा. दुकानातील यंत्र किंवा एटीएम ‘रक्कम रुपयांत की युरोत’ असे विचारेल. रुपये हा आकडा ओळखीचा वाटतो म्हणून बोट तिकडेच जाते, आणि तेथेच यंत्रवाल्याचा दर लागतो. नेहमी युरो निवडा. रोख नेण्याविषयी म्हणाल तर परकीय चलनी नोटा एका प्रवासात ३,००० डॉलरच्या मूल्यापर्यंत नेता येतात, आणि नाशिकरोडच्या छापखान्यातून निघालेल्या आपल्या नोटा, कितीही घरच्या असल्या तरी, २५,००० रुपयांपर्यंतच.

एसआयपी बंद करण्याची गरज नाही, परंतु म्युच्युअल फंडातील केवायसी अनिवासी अशी बदलून हप्ता एनआरओ किंवा एनआरई खात्याला जोडावा लागतो. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते. अनिवासी असताना मुदतवाढ घेता येत नाही. क्रेडिट कार्डाविषयी बँकेचा नियम विचारा.

प्रश्न : मुलगी टोरांटोला आहे व घरूनच काम करते. ती दरमहा मला पैसे पाठवते. त्यावर कर लागतो का? तिचा गंगापूर रोडचा फ्लॅट भाड्याने दिला आहे, भाडे तिच्या जुन्या बचत खात्यात येते आणि तिचा ओटीपी मी फोनवर विचारून व्यवहार करतो. — एक निवृत्त शिक्षक, गंगापूर रोड

उत्तर : मुलीने वडिलांना दिलेल्या पैशांवर कर नाही, रक्कम कितीही असो, त्यातून केलेल्या ठेवींचे व्याज मात्र आपल्या उत्पन्नात येईल. चिंतेची गोष्ट दुसरी आहे. ती अनिवासी असल्याने जुने बचत खाते एनआरओ व्हायला हवे होते. ते आता लवकर करून घ्या. भाडेकरूची जबाबदारीही बदलते : घरमालक अनिवासी असेल तर भाडे कितीही कमी असले तरी भाडेकरूने कर कापून सरकारजमा करायचा असतो आणि त्यासाठी त्याला टॅन हा करकपातीचा क्रमांक लागतो. बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊक नसते आणि सांगितले की ते दुसरे घर शोधू लागतात. तरी करारनाम्यात ही अट स्पष्ट लिहावी. आणि ओटीपी विचारून तिच्या नावाने व्यवहार करणे, सर, कृपया थांबवा. तिने आपल्याला मुखत्यारपत्र द्यावे. ते बँकेत नोंदवले की सोसायटीचा देखभाल खर्च, घरपट्टी, वीजबिल यांसारखी स्थानिक देणी आपण स्वतःच्या सहीने भागवू शकाल.

प्रश्न : सिंगापूरचा ग्राहक म्हणतो की बँकेऐवजी क्रिप्टोत, यूएसडीटीमध्ये पैसे घे, शुल्क वाचेल. घ्यावे का? — एक ग्राफिक डिझायनर, सिडको

उत्तर : घेऊ नये. बँकेमार्फत परकीय चलन आले नाही तर निर्यातीचा पुरावा मिळत नाही. मिळालेल्या यूएसडीटीचे मूल्य आपले व्यावसायिक उत्पन्न ठरेल, पुढे विकताना नफा झाला तर त्यावर ३० टक्के कर लागेल आणि तोटा झाला तर तो कशातूनही वजा करता येणार नाही. त्याहून मोठा धोका असा, की यूएसडीटी विकून रुपये देणारा अनोळखी माणूस फसवणुकीचे पैसे आपल्या खात्यात टाकतो आणि मग कुठल्या तरी दूरच्या राज्यातील सायबर पोलिसांच्या पत्रावरून आपले खाते गोठवले जाते. ते मोकळे होईपर्यंत घरभाडेही देता येत नाही. वाचलेले शुल्क या मनस्तापापुढे काहीच नाही.

प्रश्न : मी दुबईत राहून ऑनलाइन काम करतो, मूळचा पिंपळगाव बसवंतचा. एनआरई खात्यात बऱ्यापैकी शिल्लक झाली आहे. निफाड तालुक्यात चार एकर द्राक्षबाग विकाऊ आहे. एनआरईतून पैसे देऊन ती माझ्या नावावर घेता येईल का? नसल्यास वडिलांच्या नावावर घेतली तर? — एक वाचक, दुबई

उत्तर : आपल्या नावावर घेता येणार नाही. अनिवासी भारतीयास भारतात घर, फ्लॅट, दुकान, गाळा घेता येतो. शेतजमीन, मळ्याची जमीन आणि फार्महाउस विकत घेता येत नाही, पैसे एनआरईतले असोत की एनआरओतले. शेतकऱ्याच्या घरात जन्म झाला, सातबाऱ्यावर आजोबांचे नाव आहे, या गोष्टींनी फेमाची ही मनाई उठत नाही. वारसाहक्काने आलेली शेतजमीन मात्र ठेवता येते आणि विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते.

फ्लॅट घ्यायचा विचार असेल तर एनआरईतून थेट पैसे द्या आणि ते कोणत्या खात्यातून गेले याचा उतारा खरेदीखताबरोबर कायम जपा, कारण पुढे विक्री झाल्यावर मूळ रक्कम परदेशी नेण्याची वेळ आली की बँक हाच कागद मागते. ही मुभा दोन निवासी घरांपुरती आहे.

कायमचे परत यायचे ठरत असेल तर गोष्ट वेगळी. परतल्यावर आपण पुन्हा निवासी व्हाल आणि शेतकरी असल्याचा दाखला असेल तर जमीन घेण्याचा मार्ग मोकळा होईल. तेव्हा बँकेला कळवून एनआरई खाते निवासी खात्यात बदलावे किंवा दिरहम-डॉलरमधील शिल्लक परकीय चलनातच ठेवायची असल्यास आरएफसी खाते उघडावे.

वडिलांच्या नावाविषयी. आपण त्यांना पैसे बक्षीस दिले, त्यांनी स्वतःच्या खात्यातून स्वतःसाठी जमीन घेतली आणि ते भारतात राहणारे शेतकरी असतील, तर हा व्यवहार कायदेशीर आहे. मात्र नाव वडिलांचे आणि ताबा, उत्पन्न, निर्णय सर्व आपले, अशी आतली बोली असेल तर बेनामी व्यवहाराचा प्रश्न उपस्थित होतो. म्हणून बक्षिसाची नोंद लेखी करा आणि ती रक्कम एनआरईतून वडिलांच्या खात्यात बँकेमार्फतच पाठवा. आणि हे मनाशी पक्के करूनच पाठवा की त्या दिवसापासून ती चार एकर बाग वडिलांची आहे. उद्या त्यांनी मृत्युपत्र केले नाही, तर सातबाऱ्यावर आपल्याबरोबर आईचे आणि बहिणीचेही नाव लागेल.